वरल्या स्टेशनवरची डॉक्टरीण

नाना, तुम्ही हट्टी होतात. तोंडावर हे कधी म्हणाले नाही, कारण सुनेनं सासऱ्याला तोंडावर काही म्हणायची आपल्या घरात पद्धतच नव्हती. पण परवा तेराव्याला तुमची गंधमुक्ती झाली, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले, मांडववाला कनाती उतरवून घेऊन गेला. घरात आता मी आणि तुमचा मुलगा, दोघंच. तो आत आडवा झालाय. तेव्हा बोलते.

एवढे दिवस माणसं तुमच्या फोटोपुढे बसून चांगलं चांगलं बोलत होती. शांत माणूस, म्हणे. कोणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणे. मी पाण्याचे पेले फिरवत ऐकत होते आणि मला आपलं पदराआड हसू येत होतं. एका परदेशी मालिकेतल्या बाईशी ज्या माणसानं सगळं म्हातारपण वैर धरलं, तो म्हणे कोणाच्या अध्यात नाही! त्या बाईनं तुमचं काय घोडं मारलं होतं, हे तुम्हाला एकदा नीट विचारायचं होतं. राहूनच गेलं बघा.

त्या मालिकेचं इंग्रजी नाव तुमच्या जिभेवर कधी बसलं नाही. आपल्या घरात तिचं नाव ‘वरलं स्टेशन’. मी लग्न होऊन रावेरहून जळगावला आले त्याला चार वर्षं झाली, तेव्हा कुठं घरात टीव्ही आला, शटरचा, काळा-पांढरा, आणि वाहिनी एकच. गच्चीवरच्या अँटेनावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या यायच्या. रविवारी सकाळी ही मालिका लागायची. पृथ्वीपासून लांब, अंधारात गरगर फिरणारं एक भलंमोठं चाक, त्या चाकात राहणारी माणसं, आणि दर रविवारी कुठल्या तरी भलत्याच ग्रहावरून येऊन धडकणारा कोणीतरी. सगळं इंग्रजीत. पहिल्या रविवारी तुम्ही शटर ओढून घ्यायलाच उठला होतात. तेवढ्यात तुमचा मुलगा म्हणाला, राहू द्या नाना, ते आकाशातलं स्टेशन आहे. झालं! चाळीसगाव जंक्शनला पॉइंट्समन म्हणून रूळ बदलण्यात जन्म काढलेला माणूस स्टेशन म्हटल्यावर हलतोय कशाला? तुम्ही परत खुर्चीत बसलात. पडद्यावर एक यान येऊन चाकाला चिकटलं, आणि तुम्ही म्हणालात, सिग्नल न पाहता गाडी आत घेतली यानं, याला सस्पेंड करायला पाहिजे.

पण बोलतात काय, ते कळायला नको? तुमच्या मुलाचं बी.कॉम. त्या इंग्रजीपुढे दोन मिनिटंही टिकलं नाही. तो केस कापायचं निमित्त काढून सटकला. तेव्हा अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, आतून ओरडल्या की सून इंग्रजीची एम.ए. आणली ती काय नुसत्या भाकरी थापायला? तिला विचारा की. विचारा म्हणे! तुम्ही मला कधी काही विचारत नव्हता. चहा हवा असेल तर भिंतीकडे बघून म्हणायचात, “कोनी चहा करी ऱ्हायनं का?” मग मी करायचे, अक्का नेऊन द्यायच्या. लग्नाला वर्षं झाली, पोरगं झालं, तरी तुमचा माझा एक शब्द झाला नव्हता. भांडण नव्हतं, राग नव्हता. तशी रीतच होती.

म्हणून मग मालिकाही अक्कांमार्फत सुरू झाली. मी चुलीपाशी कान देऊन ऐकायचे, अक्कांना सांगायचे, अक्का दारात जाऊन तुम्हाला सांगायच्या. मी म्हणायचे, स्टेशनच्या एका भागातली हवा गळतेय, तासाभरात तिथली माणसं गुदमरतील, आणि मधलं दार उघडलं तर बाकीचेही मरतील. अक्का दारात जाऊन म्हणायच्या, “हवा कमी शे.” तुम्ही म्हणायचात, मग खिडकी उघाडा म्हणा. अक्का येऊन मला सांगायच्या, ते खिडकी उघडा म्हणतात. मी कपाळाला पीठ लावून बसायचे. तिसऱ्या की चौथ्या रविवारी अक्का वैतागल्या. मना पाय दुखी ऱ्हायनात, तूच सांग तठून, म्हणाल्या आणि पोळपाट पुढे ओढला.

तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहायला लागले. डोक्यावर पदर, हाताला कळण्याच्या भाकरीचं पीठ, आणि दार आणि चौकट यांच्या फटीतून एक डोळा टीव्हीवर. तिथून मोठ्यानं सांगायचे. तुम्ही मागे वळून बघत नव्हता. ऐकत मात्र होता, कान टवकारून. मध्येच मी थांबले तर खाकरायचात. गल्लीतली दोन-चार माणसंही यायला लागली. पाठमोरी बसलेली एवढी माणसं आणि दाराआडून बोलणारी मी. कोणी नवखा आला असता तर त्याला वाटलं असतं, या घरात देवीच बोलते.

एक गोंधळ मी करून ठेवला होता, आठवतो का? स्टेशनचा मुख्य होता तो पांढऱ्या केसांचा, सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे. तुमच्यासमोर ‘सर’ काय म्हणणार? मास्तर वाटले असते. माझ्या तोंडून आपोआप ‘आबा’ निघालं. स्टेशनवर एक डॉक्टरीण होती, ती म्हणाली, आबा, रोगी वाचणार नाही. आबा म्हणाले, तू प्रयत्न कर. आणि ती डॉक्टरीण त्याच्यासमोर कधी बसायची नाही, हात मागे बांधून उभीच. तुम्ही दोन आणि दोन चार केले आणि ठरवून टाकलं की ही त्याची सून. तुम्हाला ती फार पसंत पडली. सासऱ्यासमोर बसत नाही, आवाज चढवत नाही, चांगल्या घरची दिसते, असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगितलंत. मला दारामागे कळेना, हसावं की तो आपल्याला टोमणा समजावा. मग एका रविवारी आबा स्वतःच म्हणाले की मी लग्न केलं नाही, हे स्टेशन हेच माझं घर. मी ते इमानदारीत सांगितलं. तुम्ही खुर्चीत गर्रकन वळलात. पहिल्यांदा दाराकडे बघून, म्हणजे माझ्याकडे बघून बोललात.

“मंग ही सून कोनी शे?”

मी म्हणाले, सून नाही नाना, नोकरीला आहे. तो साहेब आहे तिचा. मग आबा कशाला म्हणतेस, म्हणालात. मी म्हणाले, मोठ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? त्यावर तुम्ही असे हसलात की टोपी सारखी करावी लागली. आपलं ते पहिलं बोलणं. रीत मोडली म्हणून अक्का काही बोलल्या नाहीत. उलट दुपारी भरीत वाढताना म्हणाल्या, पुढल्या खेपेला दाराच्या अलीकडे बस, चौकटीत दम लागतो तुला.

मग मी उंबऱ्यावर बसले. काही दिवसांनी उंबऱ्याच्या अलीकडे, जमिनीवर, अतुलला मांडीवर घेऊन. अतुल, आमचा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा. तुम्ही आता सरळ मलाच विचारायचात, हा हिरवट तोंडाचा कोण, याचं गाव कुठं, याला चहापाणी विचारलं का कोणी? परग्रहावरून माणूस येतो आणि याच्या हातात पाण्याचा तांब्या नाही, हे तुम्हाला फार लागायचं. बाकी दिवस आपण पूर्वीसारखेच. सोमवारी पुन्हा भिंत, पुन्हा कोनी चहा करी ऱ्हायनं का. पण रविवारच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात, आकाशातल्या माणसांबद्दल, आपल्याला वाटेल ते बोलायची मुभा होती. ही मुभा कोणी दिली कोणास ठाऊक. दिली खरी.

आणि मग तो रविवार आला. डॉक्टरीण एकटी तिच्या खोलीत बसली होती, आणि समोरच्या काचेवर एका लहान मुलाचं चित्र. पृथ्वीवरून तिला आलेलं. मूल काहीतरी बोबडं बोललं, डॉक्टरिणीनं काचेवर हात ठेवला. मी सांगितलं, नाना, हा तिचा मुलगा. तिकडे राहतो. ही इकडे.

तुम्ही तर दचकलातच. हिला पोरगं आहे? आणि ते कोणाजवळ आहे? मी म्हणाले, ते काही सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे काय, पोरगं कोणाजवळ तरी असेलच ना, हवेत वाढतं का? मी पुढच्या रविवारी कान देऊन ऐकलं, त्याच्या पुढच्याही. डॉक्टरीण हजार गोष्टी बोलली, पण पोरगं कोणाजवळ, ते त्या मालिकेवाल्यांनी कधी सांगितलंच नाही. त्यांना वाटलं असेल, कोण विचारतंय. त्यांना काय माहीत, जळगावात तुम्ही बसला होतात.

तेव्हापासून ती तुमच्या मनातून उतरली. “पोरगं टाकीसन गयी. काय माय शे!” म्हणालात. आणि मी, कधी नव्हे ती, उसळले. म्हणाले, टाकून नाही गेली. तिथं तिच्यावाचून माणसं मरतील. तुम्ही म्हणालात, दुसरी डॉक्टरीण मिळत नाही का? मी म्हणाले, मिळेल, पण ही त्यासाठीच शिकली ना? नाहीतर मग शिकायचंच कशाला? आत तव्यावर भाकरी करपली. अक्कांनी ती काढली, पण मला हाक मारली नाही.

कारण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, नाना, की भांडण डॉक्टरिणीचं नव्हतंच. साक्रीच्या ज्युनिअर कॉलेजातून मला नोकरीचं बोलावणं आलं होतं. इंग्रजीची जागा, कायमची. आणि साक्री म्हणजे धुळ्याच्याही पलीकडे, रोज जाऊन-येऊन व्हायचं नाही. तिथं खोली करायची, शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटेची बस धरायची. लहान पोराला तिथं ठेवायचं कोणाजवळ? मी वर्गावर आणि ते कुलपात? तुमचा मुलगा म्हणाला, माझी ना नाही, पण नानांना विचार. अक्का म्हणाल्या, मला नको विचारू, मी हो म्हणेन आणि मग मलाच ऐकून घ्यावं लागेल. तुम्हाला विचारायचं तर विचारायचं कसं? सून सासऱ्यापुढे उभी राहून ‘मी घर सोडून नोकरीला जाऊ का’ म्हणते, असं आपल्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. माझ्या माहेरीही नव्हतं.

तर मी डॉक्टरिणीला पुढे केलं. तुम्हीही केलंत. कितीतरी रविवार आपण दोघं तिच्यावरून हातघाईवर आलो. ती पैशासाठी गेली का, तुम्ही विचारायचात. पैशासाठी नाही, पण पैसाही लागतोच की, मी म्हणायचे. तिचा नवरा काय करतो? नोकरी करतो, बरा आहे बिचारा. पोरगं आईला विसरलं तर? नाही विसरणार, काचेवर दिसते ना ती. काचेला काय दूध येतं? असलं काहीतरी बोलून तुम्ही मला गप्प करायचात, आणि मी आत जाऊन पाट्यावर चटणी अशी वाटायचे की अक्का म्हणायच्या, पाटा फुटेल बाई. आठवडाभर मी उत्तरं शोधायचे. भाजी निवडताना, कपडे पिळताना, नुसतं डॉक्टरिणीचं वकीलपत्र. इतकी तयारी मी एम.ए.लाही केली नव्हती.

साक्रीवाल्यांना हो-नाही कळवायची वेळ जवळ आली. त्या रविवारी मालिकेत स्टेशनवर साथ आली होती. पृथ्वीकडे जाणारं यान उभं होतं. आबांनी डॉक्टरिणीला सांगितलं, तू जा, तुझं मूल आहे तिकडे, ही शेवटची खेप. ती यानाच्या दारापर्यंत गेली. मी म्हणाले, ती म्हणतेय, मी जाणार नाही. यान निघून गेलं. ती परत रोग्यांच्या खोलीत गेली. शेजारीपाजारी उठून गेले, पुढच्या खोलीत आपण दोघंच उरलो. अतुल माझ्या मांडीवर पेंगला होता. मी वाट बघत होते, आता ‘काय माय शे’ येणार. तुम्ही उठलात, शटर ओढलंत आणि बंद टीव्हीकडे तोंड करून म्हणालात,

“पोरगाजोडे तिना सासरा व्हई. दाखाडतस नहीत, इतलंच.”

पोराजवळ तिचा सासरा असेल. दाखवत नाहीत, एवढंच. मला कळायला जरा वेळ लागला. मग मी पदर तोंडात धरून जी रडायला लागले, ती अक्कांनी आत नेऊन पाणी देईपर्यंत. तुम्ही चप्पल घालून बाहेर निघालात आणि जाता जाता दारातून म्हणालात, “पन ती चुकनी.”

नाना, असं करतात का हो? माणसाला ओंजळभर द्यायचं आणि वर चिमूटभर मीठ टाकायचं! मी साक्रीला गेले ते तुमचे दोन्ही शब्द बरोबर घेऊन. सोमवारी मी निघायचे तेव्हा तुम्ही अतुलला खांद्यावर टाकून आधीच बाहेर पडलेला असायचात, रेल्वे फाटकाकडे, मालगाडी दाखवायला. म्हणजे त्यानं मला जाताना पाहू नये. मला तो शेवटचा पापा मिळायचा नाही म्हणून तुमचा राग यायचा. धुळ्याला बस बदलली की राग उतरायचा आणि रडू यायचं. साक्रीत डोंगराकडच्या खेड्यांतून पायी येणारी पोरं-पोरी माझ्या वर्गात होती. त्यांना इंग्रजी म्हणजे परग्रहाचीच भाषा. मी त्यांना वरल्या स्टेशनच्या गोष्टी सांगून शिकवायला सुरुवात केली, तेव्हा कुठं वर्ग हलला. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं हूं केलंत, पण संध्याकाळी ओट्यावर बसून ते सगळ्या गल्लीला सांगितलंत.

शनिवारी मी घरी पोचायचे. अतुलचं तुम्ही मला कधी सरळ सांगितलं नाहीत. मालिका तर मध्येच बंद पडली होती, शेवट न दाखवताच. पण आपल्या घरात ती चालूच राहिली. चहाचा कप हातात घेऊन तुम्ही म्हणायचात, त्या डॉक्टरिणीच्या पोराला मंगळवारी ताप होता, उतरला. डॉक्टरिणीचं पोरगं आता क का कि की म्हणायला लागलं. डॉक्टरिणीच्या पोरानं शेजारच्या पोराला दगड मारला, डोकं थोडक्यात वाचलं. मी म्हणायचे, मग डॉक्टरिणीनं काय करावं? तुम्ही म्हणायचात, काही नाही, त्याच्या सासऱ्यानं दोन रट्टे दिले. त्याच्या नव्हे, तिच्या, मी म्हणायचे. मग हसायचो. आणि हसून झालं की तुम्ही ते आणायचातच. पण ती चुकली.

मीही सोडत नव्हते, नाही चुकली म्हणायचे. अतुलला गोवर निघाला त्या आठवड्यात मात्र मी खचले होते. तार मिळाली, मी मधल्या वारी धावत आले. तो अक्कांच्या कुशीत, अंग तापलेलं, मला बघून त्यानं तोंड फिरवलं. तुम्ही पाठीमागून हळूच म्हणालात, चुकली ना डॉक्टरीण? आणि मी म्हणाले, हो नाना, चुकली. तुम्ही जिंकलात. झालं समाधान?

त्यानंतर तुम्ही तो विषयच काढला नाहीत. गोवर उतरला, मी साक्रीला गेले, शनिवारी आले, चहा झाला, तुम्ही गप्प. अक्का म्हणाल्या, काय केलंस गं यांना, जेवणावर वासना नाही यांची. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटलं असेल, आपण पोरीला नको ते बोललो म्हणून. तुमची ती उतरलेली तोंडं बघवेनात, तुमचं आणि टोपीचंही. मग एका शनिवारी मीच चहाचा कप पुढे करून म्हणाले, मी विचार केला नाना, डॉक्टरीण चुकली नाही म्हणजे नाही. तुम्ही ताठ बसलात. त्या रात्री शेवभाजीबरोबर एक भाकरी जास्त मागून घेतलीत. मी मनात म्हटलं, काय खोडीचा माणूस आहे, याला वाद घातल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

पुढे माझी धुळ्याला बदली झाली, रोजचं जाणं-येणं सुरू झालं. अतुल शिकला, पुण्याला गेला. अक्का गेल्या. अक्का गेल्यावर घरात आपल्या दोघांच्या मधलं माणूसच गेलं. ते दिवस फार वाईट होते. तुम्ही चहासाठी भिंतीकडे बघायचात आणि भिंतीपलीकडून उत्तर देणारं कोणी नाही. मी चहा पुढे ठेवायचे, तुम्ही मान डोलवायचात, की संपलं. तेव्हाही शेवटी डॉक्टरीणच कामाला आली. एक दिवस तुम्ही म्हणालात, ती आता म्हातारी झाली असेल, नाही का? मी खुर्ची ओढून बसले. तुमच्यासमोर, खुर्चीवर, पहिल्यांदा. तुमच्या ते लक्षातही आलं नाही, किंवा आलं असेल. तुम्ही म्हणालात, म्हातारी झाली तरी चुकली ती चुकलीच.

आणि तीन-चार वर्षांपूर्वी अतुलनं ती मालिका शोधून काढली. दिवाळीला आला, फोन टीव्हीला जोडला, म्हणाला, नाना, सगळे भाग आहेत, शेवटचाही आहे. डॉक्टरीण पृथ्वीवर परत जाते का, तिचं पोरगं कोणाजवळ होतं, सगळं आज कळेल. मी तर पदर खोचून बसले. निकाल लागणार म्हटल्यावर! आणि तुम्ही म्हणालात, नको. बंद कर ते. अतुल हिरमुसला. मी म्हणाले, घाबरलात ना? हरायला घाबरलात. तुम्ही उठून ओट्यावर जाऊन बसलात. मलाही मग एकटीनं बघावंसं वाटलं नाही. आजतागायत बघितलेलं नाही.

खरं सांगू नाना? मी तुम्हाला हट्टी म्हणते, हसण्यावारी नेते, पण ती गोष्ट मला आतून बोचत राहिली. तुम्ही माझं पोर वाढवलंत. त्याचं हगणं-मुतणं काढलंत, ज्या वयात लोक देवदेव करतात त्या वयात बाराखडी गिरवून घेतलीत. मी वर्गात उभी राहिले ती तुमच्या जिवावर. गावात माझं नाव झालं, पोरी येऊन पाया पडल्या, ते सगळं तुमचं. आणि एवढं करूनही तुमचं मत बदललं नाही. मी गेले ते तुम्हाला चूकच वाटलं. केलंत ते सुनेवर दया म्हणून, असं मला वाटत राहिलं. शेवटच्या आठवड्यात मी खाटेपाशी बसायचे, तुमचे पाय चेपायचे. विचारावंसं वाटे, नाना, खरंच का हो चुकले मी? डॉक्टरीण नव्हे, मी. तोंडापर्यंत यायचं आणि परत जायचं. तुम्ही ‘हो’ म्हणालात तर, या भीतीनं.

काल अतुल पुण्याला निघाला. बॅग भरता भरता मी त्याच्याजवळ हे बोलले. म्हणाले, तुझ्या नानांनी मरेपर्यंत माझं बरोबर म्हटलं नाही रे. तो बॅगेवर बसला आणि माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, आई, तुला खरंच माहीत नाही?

मग त्यानं सांगितलं. सोमवारी फाटकाकडे मालगाडी बघायला न्यायचात, तेव्हा तो रडायचा, आई कुठं गेली म्हणायचा. तुम्ही त्याला वरल्या स्टेशनची गोष्ट सांगायचात. तुझी आई तिथं गेली आहे, तिच्याशिवाय तिथलं सगळं बंद पडेल, दिवेसुद्धा लागायचे नाहीत, म्हणून तिला जावंच लागतं. असं तुम्ही सांगायचात! माझ्या पोराला, खांद्यावर घेऊन, फाटकापाशी. तो म्हणाला, मला लहानपणी वाटायचं, साक्री आकाशातच आहे. आणि जरा मोठा झाल्यावर त्यानं तुम्हाला पकडलं होतं. मला सांगता आई बरोबर आणि शनिवारी तिला सांगता डॉक्टरीण चुकली, असं का? तेव्हा तुम्ही म्हणालात, हे त्यानं अगदी तुमच्या बोलीत, तुमच्या हेलात सांगितलं,

“मी हा म्हननू ते ती मझार चालनी जाई. मंग मनासंगे कोन बोली?”

मी हो म्हटलं तर ती आत निघून जाईल, मग माझ्याशी कोण बोलेल. नाना, मी तिथं बॅगेपाशी जमिनीवरच बसले. अतुलची गाडी चुकायची वेळ आली तरी मला उठवेना. इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी खोटं खोटं भांडलात, आणि मी बाई खरी खरी रडले. एकदा सांगायचं तरी! पण सांगितलं असतंत तर मी आत निघून गेले असते, हेही खरंच.

आज सकाळपासून घर फार गप्प आहे. मी चहा केला, तुमच्या खुर्चीसमोरची माझी खुर्ची ओढली आणि बसले आहे. तर ऐका नाना, मी नीट विचार केलाय. ती डॉक्टरीण चुकलीच. पोरगं टाकून तिनं जायलाच नको होतं. बोला आता, तुमचं काय म्हणणं आहे?